कधी न्यायचे? – अंत्यविधीचे घड्याळ

घरात मृत्यू झाला की पहिला आकांत ओसरायच्या आतच ओट्यावरच्या मंडळींत एक प्रश्न दबक्या आवाजात सुरू होतो : ‘कधी न्यायचे?’ मनमाडसारख्या गावात या प्रश्नाला अनेक फाटे फुटतात. हे जंक्शनचे गाव. येथून मुंबईकडे, भुसावळकडे, दौंडकडे आणि मराठवाड्यातून हैदराबादकडे लोहमार्ग जातात. रेल्वेच्या नोकरीमुळे घरे दूरवर पांगलेली असतात. मुलगा कल्याणला, मुलगी दौंडला, भाऊ नांदेडला. ‘मुलगी रात्रीच्या गाडीने निघाली तर सकाळी पोहोचेल, थांबायचे का?’ ‘मे महिन्याचे ऊन आहे, देह राहील का?’ ‘डोळे द्यायचे म्हणत होते, पण आता कुणाला विचारायचे?’ ‘लाकूड किती सांगायचे?’

असे प्रश्न गावात बहुधा चार बुके शिकलेल्या माणसाकडे येतात आणि पुष्कळदा तो माणूस शिक्षक असतो. घरच्यांची बुद्धी त्या वेळी बधिर झालेली असते, आणि जमलेल्यांपैकी जो मोठ्याने बोलेल त्याचे खरे ठरते. यातले काही प्रश्न श्रद्धेचे आणि रीतीचे आहेत. ते ज्या त्या घराने सोडवायचे. पण बाकीच्यांना भौतिकशास्त्रात, रसायनशास्त्रात, शरीरशास्त्रात आणि थोड्याफार कायद्यात सरळ उत्तरे आहेत. मृत्यूनंतर एकच घड्याळ चालत नाही. डोळ्यांचे घड्याळ वेगळे, स्नायूंचे वेगळे, जीवाणूंचे वेगळे आणि सरकारी नोंदीचे त्याहून वेगळे. कोणते जलद पळते आणि कोणते सावकाश चालते हे ठाऊक असले, तर कुठे घाई करायची आणि कुठे निवांत थांबायचे हे ठरवता येते. ही घड्याळे आपण क्रमाने पाहू.

पहिला तास : डॉक्टर, आणि गरज असेल तर पोलीस

मृत्यू झाला हे डॉक्टरने सांगायचे असते, शेजाऱ्यांनी नव्हे. हृदयाचे ठोके व श्वास थांबले आहेत, बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, हे पाहून डॉक्टर खात्री करतात. शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनाच बोलवावे, कारण मृत्यूचे कारण लिहिलेला दाखलाही त्यांनीच द्यायचा असतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार या दाखल्यासाठी फी आकारता येत नाही. रुग्णालयात मृत्यू झाल्यास नमुना ४ आणि घरी झाल्यास नमुना ४ अ अशी त्याची नावे आहेत. रात्री-अपरात्री धावपळ होऊ नये म्हणून घरात कुणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले असेल, तर डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवणे शहाणपणाचे.

मृत्यू अपघाताने, भाजून, विषाने, सर्पदंशाने किंवा संशयास्पद रीतीने झाला असेल, तर देह हलवण्यापूर्वी पोलिसांना कळवावे लागते. रेल्वेच्या हद्दीतील मृत्यूसाठी लोहमार्ग पोलीस असतात. अशा वेळी पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही आणि ‘कधी न्यायचे’ हे घरच्यांच्या हाती राहत नाही. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे. पुरेसा प्रकाश व सोयी असलेल्या रुग्णालयांना रात्रीही ते करण्याची मुभा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिली. मात्र खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, यातून वगळलेली आहेत.

डोळ्यांचे सहा तास

सर्वांत जलद पळणारे घड्याळ डोळ्यांचे. नेत्रदानात डोळ्याचा जो भाग दुसऱ्याला बसवतात त्याला पारपटल म्हणतात. बुबुळासमोरचा हा पारदर्शक पडदा. त्यात रक्तवाहिन्या नसतात. तशा असत्या तर तो पारदर्शक राहिलाच नसता. आपला प्राणवायू तो मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत घेतो. म्हणूनच हृदय थांबल्यावरही त्याच्या पेशी काही तास तग धरतात. डोळे काढून घेण्याची मर्यादा साधारण सहा तासांची धरतात, आणि उन्हाळ्यात जितके लवकर तितके बरे.

आता मनमाडचे गणित मांडू. नाशिक सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. नेत्रपेढीचे पथक तेथून निघून पोहोचायला दोन तास तरी लागणार. म्हणजे निरोप पहिल्या दोन तासांत गेला पाहिजे. ‘सगळे जमले की विचारू’ म्हटले की संधी गेलीच. पथक येईपर्यंत घरच्यांनी एवढेच करायचे : पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी देऊन ते थोडे उंच करायचे आणि पंखा बंद ठेवायचा. पंख्याच्या वाऱ्याने पारपटल सुकते. प्रत्यक्ष काम वीस-पंचवीस मिनिटांत होते, चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्ययात्रेला उशीर होत नाही. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचे, मधुमेह असलेल्यांचेही डोळे चालतात. एड्स, कावीळ-ब, रेबीज यांसारख्या आजारांत मात्र ते घेत नाहीत. खात्री करण्यासाठी पथक रक्ताचा नमुनाही घेते.

देहदान करायचे असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाशी असेच तातडीने बोलावे लागते. मनमाडकरांना नाशिकच्या आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जवळची ठिकाणे. नेत्रदान झालेला देह सहसा स्वीकारतात, शवविच्छेदन झालेला मात्र नाही. आणि एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : जिवंतपणी अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांनी संमती दिली, तरच देहदान होते. म्हणजे खरा अर्ज घरच्यांच्या मनात भरून ठेवावा लागतो.

देह ताठतो आणि डाग पडतात तेव्हा

मृत्यूनंतर आधी सर्व स्नायू सैल पडतात. जबडा उघडा राहतो, पापण्या अर्ध्या मिटतात. दोन-तीन तासांनी पापण्या, जबडा, मान येथून ताठरपणा सुरू होतो आणि सुमारे बारा तासांत सर्व अंगभर पसरतो. याचे कारण मोठे गमतीचे आहे. स्नायूत दोन प्रकारच्या प्रथिनांचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. आखडण्यासाठी ऊर्जा लागते हे आपण मुलांना शिकवतोच. पण एकमेकांत अडकलेले तंतू सुटण्यासाठीही एटीपी हे ऊर्जावाहक रसायन लागते. श्वास थांबला की नवे एटीपी तयार होत नाही, शिल्लक साठा संपतो आणि तंतू अडकलेल्या स्थितीतच राहतात. पुढे प्रथिनांचेच विघटन सुरू झाले की ताठरपणा आपोआप जातो. उन्हाळ्यात हे सारे लवकर सुरू होते आणि लवकर संपते.

डोळे मिटणे, हनुवटीखालून फडके बांधणे, हातपाय सरळ करून अंगठे बांधणे ही जुन्या माणसांची लगबग यासाठीच असते. ती पहिल्या दोन तासांत झाली तर सहज होते. नंतर जोर लावावा लागतो आणि पाहणाऱ्याला यातना होतात.

दुसरी गोष्ट डागांची. रक्ताभिसरण थांबले की रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. देह उताणा असेल तर पाठीवर, मांड्यांच्या मागे जांभळट डाग दिसू लागतात. एक-दोन तासांत ते दिसतात आणि सहा ते बारा तासांत पक्के होतात. जमिनीला टेकलेला भाग मात्र दाबामुळे पांढरा राहतो. आंघोळ घालताना हे डाग पाहून ‘मारले असेल’, ‘विष दिले असेल’ अशी कुजबुज सुरू होते. सासरी मृत्यू झालेल्या सुनेच्या बाबतीत तर दोन घरे कायमची तुटतात. खरा संशय असेल तर तो जरूर पोलिसांना सांगावा, शवविच्छेदन त्यासाठीच असते. पण केवळ पाठीवरचे जांभळे डाग हा कशाचाच पुरावा नव्हे, हे निदान शिकलेल्या माणसाने शांतपणे सांगितले पाहिजे.

मुलीसाठी थांबायचे असेल तर

आता जीवाणूंचे घड्याळ. आपल्या आतड्यांत अब्जावधी जीवाणू असतात. जिवंतपणी शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांना मर्यादेत ठेवते. मृत्यूनंतर ती मर्यादा उरत नाही. उन्हाळ्यात बारा ते चोवीस तासांत पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट छटा दिसू लागते, वायू तयार होतात, पोट फुगते. तापमान दहा अंशांनी उतरले की अशा प्रक्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणून थंडावा हाच उपाय. हिवाळ्याच्या रात्री मनमाडची हवा आपणहून मदत करते. मे महिन्यात हवेचे तापमान चाळीसच्या पुढे जाते, म्हणजे देहाच्या तापमानापेक्षाही जास्त. अशा वेळी देह नुसता ठेवला तर निवतच नाही.

बर्फ किती लागेल? हे गणित नववी-दहावीच्या वर्गातही करता येण्याजोगे आहे. साठ किलो वजनाचा देह ३७ अंशांवरून ७ अंशांवर आणायचा आहे असे समजू. शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ धरली, तर ६० × ०.८३ × ३० म्हणजे जवळजवळ १,५०० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे किमान १९ किलो बर्फ हवा. पण बर्फ देहाची उष्णता घेतो तशी खोलीचीही घेतो. त्यामुळे उन्हाळ्यात याच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे चाळीस-पन्नास किलोची तयारी ठेवावी आणि वितळेल तसा नवा घालावा. बर्फाच्या लाद्या पायांशी ठेवून उपयोग नाही. त्या पोटाच्या दोन्ही बाजूंना व कमरेशी हव्यात, कारण कुजणे तेथूनच सुरू होते. वरून गोणपाट किंवा जाड चादर टाकली की बाहेरची उष्णता अडते. विजेवर चालणारी शवपेटी मिळत असेल तर उत्तमच. तिच्यात देह दिवसभर सहज राहतो.

म्हणजे दौंडहून रात्रीच्या गाडीने निघालेल्या मुलीसाठी थांबता येते. ‘देह राहणार नाही’ हे कारण सांगून तिला शेवटचे दर्शन नाकारण्याची गरज नाही. मात्र थांबायचे हे पहिल्या तास-दोन तासांत ठरवून बर्फ लावायला हवा. सहा तास उन्हात ठेवून मग बर्फ शोधण्यात अर्थ नाही.

मृतदेहामुळे रोगाची साथ पसरते ही भीतीही बहुतांशी निराधार आहे. पटकी किंवा इबोलासारखे काही मोजके रोग सोडले तर निरोगी माणसाला मृतदेहापासून फारसा धोका नसतो. देहाला हात लावणाऱ्यांनी साबणाने स्वच्छ हात धुतले, कपडे बदलले की पुरे. मनमाडची पाणीटंचाई सर्वश्रुत आहे. दोनशे माणसांनी प्रत्येकी वीस लिटर पाण्याने आंघोळ केली तर चार हजार लिटर लागतात, म्हणजे जवळजवळ एक लहान टँकर. आंघोळ रीतीसाठी करायची असेल तर ज्याने त्याने आपल्या घरी करावी. शोकात असलेल्या घरावर पाण्याची सोय करण्याचा भार पडू नये.

सरणाचे गणित

लाकूड किती लागते? आपल्याकडे जमिनीवर रचलेल्या सरणाला तीनशे किलोच्या पुढेच लाकूड लागते. आता वर्गातले गणित पुढे नेऊ. साठ किलोच्या देहात सुमारे ३६ किलो पाणी असते. त्याचे तापमान ३० वरून १०० अंशांवर नेऊन वाफ करायला किलोमागे सुमारे ६१० किलोकॅलरी, म्हणजे एकूण २२,००० किलोकॅलरी लागतात. वाळलेले लाकूड किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी उष्णता देते. हिशेबाने सहा-सात किलो लाकूड पुरायला हवे! पाणी गेल्यावर देहातली चरबी व प्रथिने स्वतःच जळतात. मग तीनशे किलो जातात कुठे? उघड्या सरणाची बहुतेक उष्णता वर आकाशात आणि भोवती जमलेल्या माणसांकडे जाते. चितेपासून दहा पावले दूर उभे राहावे लागते, ती वाया जाणारी उष्णताच.

यातून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, लाकूड वाळलेले हवे. ओल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. तीनशे किलो ओल्या लाकडात दीडशे किलो पाणी असेल, म्हणजे देहातल्या पाण्याच्या चौपट. पैसे तीनशे किलोचे द्यायचे आणि जळण दीडशे किलोचे मिळायचे. शिवाय ज्वाळेचे तापमान उतरते, धूर होतो आणि पावसाळ्यात अर्धवट दहनाचा तो प्रसंग ओढवतो जो कुणालाच पाहवत नाही. दुसरी गोष्ट, खालून हवा हवी. उंच लोखंडी जाळीवर रचलेल्या सरणाला खालून हवा मिळते आणि लाकूड निम्म्याने किंवा त्याहूनही कमी लागते. जमिनीवर रचायचे तर ओंडके घट्ट न बसवता मध्ये फटी ठेवाव्यात. तिसरी गोष्ट, रॉकेल-डिझेल ओतल्याने आग भडकते पण टिकत नाही. ते वरवर जळून जाते, आणि पेटत्या सरणावर ओतताना माणसे भाजतात. विद्युत किंवा गॅसदाहिनीत उष्णता बंद भट्टीत राहते. तेथे ८०० अंशांच्या वर तापमानात तास-दीड तासात काम होते.

आणखी एक सूचना. मृताच्या छातीत हृदयाला ठोके देणारा पेसमेकर बसवलेला असेल तर दहनापूर्वी तो डॉक्टरकडून काढून घ्यावा. त्यातल्या बॅटरीचा उष्णतेने स्फोट होतो. नायलॉनची वस्त्रे, प्लॅस्टिकची फुले हीही सरणावर ठेवू नयेत.

मनमाडमध्ये दफन करणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे बहुधा लवकर निघण्याची रीत असते. पण वर सांगितलेली डोळ्यांची, स्नायूंची आणि कागदपत्रांची घड्याळे त्यांनाही तशीच लागू आहेत. येथील जमिनीत मुरूम व काळा पाषाण असल्याने खोदाईला वेळ लागतो, हे मात्र वेळ ठरवताना लक्षात घ्यावे.

राखेत काय उरते

हाडांचा सुमारे एक-तृतीयांश भाग सेंद्रिय असतो, तो जळतो. उरतो तो कॅल्शियम फॉस्फेटचा खनिज सांगाडा. प्रौढ माणसाच्या अस्थी दोन ते तीन किलो भरतात. नीट जळलेल्या अस्थी पांढऱ्या व ठिसूळ होतात, काळ्या असतील तर त्यांत कर्ब शिल्लक असतो. तीनशे किलो लाकडाचीही शेकडा एक या हिशेबाने तीनेक किलो राख होते. म्हणजे सावडताना जी राख भरतो तिच्यातली बरीचशी लाकडाचीच असते. सावडण्यापूर्वी पाणी शिंपडण्याची रीत योग्यच आहे, कारण राखेखाली निखारे दुसऱ्या दिवशीही धगधगत असतात. लहान मुलांना तेथे मोकळे सोडू नये.

अस्थी नाशिकला रामकुंडात नेण्याची प्रथा आहे. कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याचे कण गाळात बसतात. म्हणून काही कुटुंबे राख शेतात मिसळून त्यावर झाड लावतात. त्यातला फॉस्फरस हळूहळू मातीला मिळतो. कोणता मार्ग घ्यायचा हे घराने ठरवावे. विज्ञान त्यात आडवे येत नाही.

एकवीस दिवस

सर्वांत सावकाश चालणारे घड्याळ सरकारी, पण विसरले तर तेच सर्वांत जास्त छळते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, त्यानंतर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. नोंद जेथे मृत्यू झाला तेथे होते, राहत्या गावी नव्हे. मनमाडचा माणूस नाशिक शहरातल्या रुग्णालयात वारला, तर नोंद नाशिक महापालिकेकडे आणि ती कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी वारला तर मनमाड नगरपरिषदेकडे आणि जबाबदारी कुटुंबाची. धावत्या गाडीतला मृत्यू गाडी पहिल्यांदा थांबते त्या ठिकाणी नोंदवतात. जंक्शनच्या गावाला हे माहीत असलेले बरे. नाव आधार कार्डावर, बँकेत, सातबाऱ्यावर जसे आहे तसेच लिहिले आहे ना, हे त्याच वेळी तपासावे. दुःखात घाईने लिहिलेल्या एका अक्षरासाठी विधवेला पेन्शनच्या कचेरीत महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात.

आधी बोलून ठेवू

या सर्व घड्याळांत एक गोष्ट समान आहे. ती सुरू झाल्यावर विचार करायला सवड नसते. म्हणून विचार आधी व्हायला हवा. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन भारतात स्थायिक झाले होते. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला ते वारले. आपला देह वैद्यकीय शिक्षणासाठी द्यावा असे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यामुळे तो शेकडो किलोमीटरवरच्या काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचू शकला. आणि टिटवे कुणी धरायचे यावर आजही घराघरांत वाद होतात. पुण्यात १८९० साली जोतीराव फुल्यांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी ते स्वतः धरले होते, हे अशा वेळी कुणीतरी आठवून द्यायला हवे.

आम्ही असे सुचवतो की प्रत्येक घरात वहीचे एक पान यासाठी राखून ठेवावे. डॉक्टरांचा, नेत्रपेढीचा, शववाहिकेचा व बर्फवाल्याचा फोन, आधार कार्ड कुठे आहे, पेसमेकर आहे का, नेत्रदान-देहदान हवे का, दहन की दफन, कुणासाठी थांबायचे आणि अग्नी कुणी द्यायचा. हे पान घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून लिहून घ्यावे. विषय काढणे अवघड वाटते खरे. पण म्हातारी माणसे याबद्दल आपल्याला वाटते त्याहून मोकळेपणाने बोलतात. पुष्कळदा ती कुणी विचारील याचीच वाट पाहत असतात.